पाटणच्या सभेत बाईचा मोक्ष

दुसऱ्याला आपलं म्हणणं पटवून देणं बायकांना शिकवावं लागत नाही, असं पुरुषमंडळी गमतीनं म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. एकच गोष्ट सासूबाईंना सांगायची रीत वेगळी, नवऱ्याला सांगायची वेगळी आणि वयात आलेल्या मुलाला सांगायची आणखी वेगळी, हे आपण रोज करत असतो. पण या रोजच्या कलेचं एक जुनं शास्त्र आहे. आपल्या धर्मग्रंथांतही ते आहे, आणि त्यातला एक मोठा, गाजलेला प्रयोग थेट आपल्या बायकांच्या जिवाशी संबंधित आहे. तो झाला गुजरातेत, पाटणला. हे पाटण पुढे बडोदे संस्थानात होतं. म्हणून बडोद्यात बसून त्याविषयी लिहायला मला थोडा हक्क आहे, असं मी समजते.

आधी शास्त्राचं बघू. ग्रीस देशात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटल होऊन गेला. अलेक्झांडरला, म्हणजे आपल्या शिकंदराला, त्यानं शिकवलं. वक्तृत्वावर त्यानं एक ग्रंथ लिहिला. माणूस बोलून दुसऱ्याचं मन वळवतो ते तीन वाटांनी, असं तो म्हणतो. पहिली वाट बोलणाऱ्याच्या विश्वासाची. हा माणूस शहाणा आहे, सज्जन आहे, माझं भलं चिंतणारा आहे, असं ऐकणाऱ्याला वाटलं की अर्धं काम झालं. याला तो ईथॉस म्हणतो. दुसरी वाट ऐकणाऱ्याच्या भावनेची, ती पेथॉस. आनंदात असताना आपण जो निवाडा करतो, तोच दुःखात किंवा रागात करत नाही. तिसरी वाट युक्तिवादाची, पुराव्याची, ती लोगॉस. अ‍ॅरिस्टॉटल भावनेला हलकं मानत नाही, पण एक इशारा देतो. विषय बाजूला ठेवून न्यायाधीशाच्या मनात नुसता राग किंवा दया चेतवणं म्हणजे सुतारानं मोजायची पट्टीच आधी वाकवून घेण्यासारखं आहे. पट्टी वाकडी झाल्यावर कितीही नीट मोजा, माप चुकणारच.

आता आपल्याकडचं. ठाणांग म्हणजे स्थानांगसूत्रात धर्मकथेचे चार प्रकार सांगितले आहेत. दिगंबर परंपरेतल्या भगवती आराधनेतही तेच चार येतात. ऐकणाऱ्याचं मन आपल्याकडे ओढून घेते ती आक्षेपणी. स्वमत आणि परमत समोरासमोर मांडून, एकाचं मंडन आणि दुसऱ्याचं खंडन करते ती विक्षेपणी. धर्माविषयी मनात ओढ, हुरूप उत्पन्न करते ती संवेजनी. आणि संसाराचा वीट आणते ती निर्वेदनी. चातुर्मासातलं कुठलंही प्रवचन आठवून पाहा. महाराजसाहेब आधी एखादी गोष्ट सांगून सभा शांत करतात, मग शंकासमाधान, मग कुणा श्रावकाच्या दानाची किंवा तपाची कथा, आणि शेवटी देहाची नश्वरता. चारही प्रकार ओळीनं येऊन जातात. आपल्याला नावं ठाऊक नसतात, एवढंच.

ग्रीक वर्गवारीत आणि आपल्या वर्गवारीत एक फरक मला फार आवडतो. भगवती आराधनेत सल्लेखना घेतलेल्या साधकाजवळ कुठली कथा सांगावी याचा विचार आहे. त्याच्यापुढे विक्षेपणी कथा सांगू नये, असं तिथं म्हटलंय. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसापाशी वादविवाद नको, त्याचं मन डगमगेल. युक्तिवाद खरा असला, तरी तो कुणापुढे नि कोणत्या वेळी करायचा याचं भान हवं. आजारी माणसाच्या उशाशी बसून भाऊबंदकीचा वाद काढणाऱ्यांना हे कुणीतरी वाचून दाखवायला पाहिजे.

आता पाटणला जाऊ. अणहिलवाड पाटण ही सोळंकी राजांची राजधानी. तिथली राणीची वाव आपण बहुतेकींनी पाहिली असेल. नसेल, तर पर्समधली जांभळट रंगाची शंभराची नोट उलटी करून पाहा, तीच ती. ही वाव राणी उदयमतीनं बांधवली. 2014 साली युनेस्कोनं तिला जागतिक वारशात घेतलं. उदयमतीचा मुलगा कर्णदेव, त्याची राणी मयणल्लदेवी आणि त्यांचा मुलगा सिद्धराज जयसिंह. ही मयणल्लदेवी म्हणजेच गुजरातची मीनळदेवी. कन्हैयालाल मुनशींच्या ‘पाटणनी प्रभुता’मुळे ती गुजरातच्या घराघरांत पोचली आहे. पण ती मूळची गुजरातची नव्हे. ती आपल्या बाजूची, गोव्याच्या कदंब राजा जयकेशीची मुलगी. दक्षिणेतून लग्न होऊन गुजरातेत आलेली. तेव्हा आमच्यासारख्या बडोद्याच्या दक्षिणी सुनांची ती फार जुनी थोरली जाऊच म्हणायची.

तिच्या लग्नाची कथा मेरुतुंगाचार्यांच्या ‘प्रबंधचिंतामणी’त आहे. हा ग्रंथ सुमारे 1305 सालचा. मयणल्ला स्वतः होऊन पाटणला आली, पण ती दिसायला देखणी नव्हती म्हणून कर्णानं तोंड फिरवलं. तेव्हा तिनं आपल्या सख्यांसह अग्निप्रवेशाची तयारी केली, आणि सासू होऊ घातलेल्या उदयमतीनंही तिच्यासाठी मरायचा निश्चय जाहीर केला. मग लग्न झालं. ही नुसती भावनेची वाट. त्या काळी बाईच्या हातात दुसरं शस्त्रच नव्हतं.

पण याच बाईची पुढची गोष्ट निराळी आहे. राजमाता झाल्यावर ती सोमनाथच्या यात्रेला निघाली. वाटेत बाहुलोड इथं यात्रेकरूंकडून कर घेत. ज्यांच्यापाशी पैसे नव्हते ते गोरगरीब डोळ्यांत पाणी आणून माघारी चालले होते. ते पाहून मीनळदेवीही माघारी वळली. कर माफ होईल तेव्हाच दर्शन घेईन, असं तिनं मुलाला सांगितलं. सिद्धराजानं, म्हणे, 72 लाखांच्या उत्पन्नाचा तो कागद फाडून टाकला. इथंही भावना आहेच, पण तिच्यामागे वागणुकीचं वजन आहे. इतरांना जे मिळत नाही ते आपणही घ्यायचं नाही, असं करून दाखवलं की बोलायला फारसे शब्द लागत नाहीत. अ‍ॅरिस्टॉटलच्या भाषेत हा ईथॉस.

या मायलेकांच्या काळात, विक्रम संवत 1181 मध्ये, म्हणजे इसवी सन 1125 च्या सुमारास, सिद्धराजाच्या दरबारात एक मोठा वाद झाला. एका बाजूला श्वेतांबर आचार्य देवसूरी, ज्यांना पुढे वादी देवसूरी म्हणू लागले. दुसऱ्या बाजूला दक्षिणेतून आलेले दिगंबर आचार्य कुमुदचंद्र. तरुण हेमचंद्राचार्य सभेला हजर होते. वादाचे विषय ठरलेले होते. केवलज्ञान झालेला अन्न घेतो की नाही? वस्त्र अंगावर असताना मोक्ष मिळेल की नाही? आणि बाईला बाईच्या देहात मोक्ष मिळेल की नाही? कुमुदचंद्रांचं तिन्हींना ‘नाही’ असं उत्तर होतं, देवसूरींचं तिन्हींना ‘हो’. अटही जबर होती. श्वेतांबर हरले तर त्यांनी दिगंबर व्हायचं, दिगंबर हरले तर त्यांनी देश सोडायचा.

मी जन्मानं दक्षिणेतली दिगंबर, आणि माझं उभं आयुष्य गेलं ते श्वेतांबर शेजारणींमध्ये. पर्युषण त्यांचं आधी संपतं, आमचं दशलक्षण मग सुरू होतं, आणि दोन्हीकडचे खमतखामणां, क्षमावाणी मी मनापासून करते. म्हणून ही कथा सांगताना कुणाचा जय नि कुणाचा पराजय यात मला रस नाही. मला पाहायचंय ते असं, की बाईच्या मोक्षाचा निकाल त्या दिवशी लागला तो कोणत्या वाटेनं लागला.

सुरुवात झाली तीच एका बाईच्या शब्दांनी. ‘प्रभावकचरित’ हा तेराव्या शतकातला ग्रंथ सांगतो, की कर्णावतीत, म्हणजे आजच्या अहमदाबादच्या जागी असलेल्या गावात, कुमुदचंद्रांच्या माणसांनी एका वृद्ध साध्वीची भररस्त्यात विटंबना केली, तिला नाचायला लावलं. ती साध्वी देवसूरींकडे गेली आणि तिनं त्यांना चांगलंच खडसावलं. तुमची विद्वत्ता काय कामाची, जर आमच्यावर असा प्रसंग येतो, असा तिचा रोख. तोवर शांत असलेले देवसूरी वादाला उभे राहिले. या कथेचे सांगणारे सगळे जिंकलेल्या बाजूचे आहेत, हे ध्यानात ठेवायलाच हवं. प्रतिपक्ष किती दुष्ट होता हे आधीच रंगवून ठेवलं की वाचणाऱ्याचं मन तयार होतं. मोजायची पट्टी थोडी वाकतेच. तरीही मला ती साध्वी महत्त्वाची वाटते. सगळ्या प्रकरणात ज्या दोनच बायका काही करताना दिसतात, त्यातली ती एक. तिचं नावसुद्धा ग्रंथांनी ठळक केलेलं नाही.

दुसरी बाई म्हणजे राजमाता. मीनळदेवीचा कल सुरुवातीला कुमुदचंद्रांकडे होता. ते तिच्या माहेरच्या मुलखातले. परक्या गावी माहेरचा माणूस भेटला की काय वाटतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. ती सभासदांना त्यांच्या बाजूनं वळवत होती, असं ‘प्रबंधचिंतामणी’ म्हणते. हे हेमचंद्राचार्यांना कळलं. त्यांनी काय केलं? मोठा निरोप धाडला नाही, ग्रंथ पाठवले नाहीत. एवढंच तिच्या कानावर घातलं, की दिगंबर पक्ष बायकांनी केलेल्या पुण्यकर्माला फळ नाही असं मांडणार आहे, आणि श्वेतांबर पक्ष ते आहे असं सिद्ध करणार आहे. झालं. राजमातेचा पाठिंबा गेला.

हा निरोप मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा त्यातलं कसब जाणवतं. त्यात युक्तिवादाचा एक शब्द नाही, पण तो नुसता भावनेचाही नाही. ज्या बाईनं यात्रेकरूंचा कर माफ करवला, जिच्या दानधर्माची कीर्ती झाली, तिला विचारलं गेलं की या सगळ्याला काही अर्थ आहे की नाही, हे तू कुणाकडून ऐकणार? माहेरच्या ओढीपेक्षा हा प्रश्न मोठा ठरला. मात्र या निरोपात एक पळवाटही आहे. दिगंबर मत बाईचं पुण्य फुकट जातं असं म्हणत नाही. बाई श्राविका होते, आर्यिका होते, स्वर्गात जाते, पुढे पुरुषजन्म घेऊन मोक्षालाही जाते. फक्त बाईच्याच देहातून थेट मोक्ष नाही, एवढं ते मत आहे. निरोपात हे सगळं एका वाक्यात आवळलं गेलं. प्रतिपक्षाचं म्हणणं थोडं वाकवून सांगायचं आणि ते ऐकणाऱ्याच्या सर्वांत दुखऱ्या जागी नेऊन ठेवायचं, ही पटवण्याची जुनी हातोटी आहे. ती जुनी झालेली नाही, बरं का.

प्रत्यक्ष सभेत थट्टामस्करीही झाली. कुमुदचंद्र वयानं मोठे, हेमचंद्र तरुण. ताक प्यालास का रे, अशा अर्थाचं काहीतरी वडीलकीनं विचारल्यावर हेमचंद्रांनी शब्दाची कोटी केली. संस्कृतात ‘पीत’ म्हणजे प्यालेलं आणि ‘पीत’ म्हणजे पिवळंही. ताक पांढरं असतं, पिवळी असते ती हळद, असं उत्तर देऊन त्यांनी सभा हसवली. मग पोराशी काय वाद घालायचा असं कुमुदचंद्र म्हणाले, तेव्हा कमरेला काही न गुंडाळता फिरणारा तो पोर, असा टोला त्यांनी हाणला. सभा खूश झाली असणार. पण यात बाईच्या मोक्षाविषयी काय सिद्ध झालं? काहीच नाही. समोरच्याची प्रतिष्ठा कमी केली की त्याचं म्हणणं आपोआप हलकं होतं, एवढंच. दिगंबर मुनीच्या नग्नतेवरचा टोला वाचताना मला आजही बोचतं. एखाद्याच्या व्रताची टिंगल हा काही युक्तिवाद नव्हे.

आणि तरीही या विषयात खरा, भक्कम युक्तिवाद होता. तो पाटणच्याही आधी अडीचशे-तीनशे वर्षं दक्षिणेत झालेला होता. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात शाकटायन नावाचे वैयाकरण आचार्य होऊन गेले. ते यापनीय संघाचे. हा संघ आता नामशेष झालाय, पण एके काळी कर्नाटकात आणि बेळगाव-कोल्हापूरच्या पट्ट्यात त्याची चांगली वस्ती होती. शिलालेखांत त्याचं नाव येतं. यापनीय मुनी दिगंबरांसारखे नग्न राहत आणि श्वेतांबरांसारखं बाईला मोक्ष आहे असं मानत. शाकटायनांनी स्त्रीनिर्वाणावर एक छोटंसं प्रकरण लिहिलं. मुनी जंबूविजयजींनी ते संपादून 1974 साली प्रसिद्ध केलं.

त्यातला एक मुद्दा सांगते. बाईला मोक्ष नाही असं म्हणणाऱ्यांचं एक प्रमाण असं होतं: बाई फार तर सहाव्या नरकापर्यंत जाते, सातव्यात जात नाही. म्हणजे टोकाचं पाप करण्याची ताकद तिच्यात नाही. मग टोकाची शुद्धी करण्याची ताकद तरी कुठून येणार? ऐकायला बिनतोड वाटतं, नाही? शाकटायन शांतपणे विचारतात, खाली जाण्याचा नि वर जाण्याचा असा संबंध आहे हे ठरवलं कुणी? पक्षी तिसऱ्या नरकापर्यंतच जातात, सिंह नि साप त्याच्या खाली चौथ्या-पाचव्यापर्यंत. पण वर जाताना हे सगळे एकाच सहस्रार स्वर्गापर्यंत पोचू शकतात. खालची मर्यादा वेगवेगळी, वरची मात्र सारखी. आणि मासा तर सातव्या नरकातही जातो, म्हणून काय मासा मोक्षाला गेला? संबंध दोन्ही बाजूंनी तुटतो.

या युक्तिवादाची गंमत अशी की यात सगळी उदाहरणं दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या शास्त्रातलीच आहेत. समोरच्याच्या घरातलं सामान घेऊन त्याच्यापुढे मांडायचं. डोळ्यांत पाणी आणायचं नाही, कुणाची चेष्टा करायची नाही. दुसरा आक्षेप वस्त्राचा. बाईला वस्त्र सोडता येत नाही, वस्त्र म्हणजे परिग्रह, परिग्रह असेल तिथं मोक्ष नाही. त्याला उत्तर असं, की परिग्रह वस्तूत नसतो, तिच्यावरच्या मूर्च्छेत, आसक्तीत असतो. मुनीची पिंछी जशी संयमासाठी, तसं साध्वीचं वस्त्र संयमासाठी. तिसरा आक्षेप असा, की शंभर वर्षांची दीक्षित साध्वीही आज दीक्षा घेतलेल्या मुनीला वंदन करते, म्हणजे ती कमीच. त्याला उत्तर, की वंदन हा संघाचा व्यवहार आहे. गुरू शिष्याला वंदन करत नाहीत, म्हणून शिष्याचा मोक्ष अडत नाही.

दिगंबर आचार्य गप्प बसले असं मात्र नाही. प्रभाचंद्रांसारख्या मोठ्या नैयायिकानं आपल्या ग्रंथांत या मुद्द्यांना सविस्तर उत्तरं दिली आहेत. शेकडो वर्षं हा वाद कागदावर, सभ्यपणे आणि बारकाईनं चालला. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं आणि मग खोडायचं. विक्षेपणी कथेचा हा उत्तम नमुना. स्वमत आधी सांगा की परमत आधी, दोन्ही रीती तिथं मान्य आहेत, पण परमत सांगायलाच हवं.

मग पाटणच्या सभेत निकाल यावर लागला का? प्रबंधकार सांगतात, देवसूरींनी इतके विकल्प मांडले की कुमुदचंद्रांना ते परत म्हणून दाखवता येईनात, त्यांनी लिहून द्यायला सांगितलं. आणि मग एका शब्दावर वाद अडला. देवसूरींनी वापरलेलं ‘कोटाकोटि’ हे रूप व्याकरणात बसत नाही, असा आक्षेप कुमुदचंद्रांनी घेतला. काकल नावाच्या वैयाकरणानं ते रूप शुद्ध असल्याचं सांगितलं. कुमुदचंद्र हरले. त्यांना पाटण सोडावं लागलं. त्या काळच्या यशश्चंद्र कवीनं यावर नाटक लिहिलं, त्याचं नावच ‘मुद्रितकुमुदचंद्र’, म्हणजे तोंडाला मोहोर लागलेले कुमुदचंद्र.

म्हणजे बघा. बाईच्या मोक्षावरचा वाद पेटला एका साध्वीच्या अपमानानं, त्याचं वारं फिरलं राजमातेला गेलेल्या एका निरोपानं, सभा रंगली ताक-हळदीच्या विनोदानं आणि निकाल लागला व्याकरणावर. तिन्ही वाटा वापरल्या गेल्या. पण ज्या वाटेनं खरोखर प्रश्न सुटायचा, ती लोकांच्या लक्षात सर्वांत कमी राहिली. आजही पाटणच्या वादाची गोष्ट सांगताना लोक हेमचंद्रांची कोटी सांगतात, शाकटायनांचा मासा कुणी सांगत नाही.

दिगंबर परंपरेनंही आपले जय असेच जपले आहेत. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर मल्लिषेण प्रशस्ती नावाचा शिलालेख आहे, पाटणच्या वादानंतर तीनचार वर्षांत कोरलेला. त्यात समंतभद्राचार्यांचा दिग्विजय आहे. पाटलिपुत्र, माळवा, सिंधू, कांची अशा ठिकाणी वादाची भेरी वाजवत ते करहाटकाला आले, असं त्यात आहे. करहाटक म्हणजे आपलं साताऱ्याचं कऱ्हाड. एकाच दशकात उत्तरेला एका पक्षाची विजयगाथा, दक्षिणेला दुसऱ्या पक्षाची. दोन्ही वाचल्या तर कोण जिंकलं हे कळत नाही, पण प्रत्येकानं काय जपावंसं वाटलं ते कळतं.

याच समंतभद्रांनी मात्र एक फार मोठी गोष्ट लिहून ठेवली. त्यांची ‘आप्तमीमांसा’. आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा असा. तिच्या सुरुवातीलाच ते तीर्थंकरांना उद्देशून म्हणतात, की देव तुमच्या दर्शनाला येतात, तुम्ही आकाशातून चालता, चवऱ्या ढाळल्या जातात, यामुळे तुम्ही आम्हाला थोर वाटत नाही, असलं सगळं जादूगारांकडेही दिसतं. मग थोर कशामुळे? तर तुमचं वचन युक्तीला आणि शास्त्राला धरून आहे, निर्दोष आहे म्हणून. केवढं धाडस आहे हे! प्रत्यक्ष भगवंतांची विश्वासार्हता ते थाटामाटावर उभी करत नाहीत, त्यांच्या बोलण्याच्या खरेपणावर करतात. अ‍ॅरिस्टॉटलही जवळपास हेच म्हणतो, वक्त्यावरचा विश्वास त्याच्या आधीच्या नावलौकिकातून नव्हे, त्याच्या बोलण्यातूनच उत्पन्न व्हायला हवा.

देवसूरींचंही श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांच्या ‘प्रमाणनयतत्त्वालोक’ ग्रंथाचं शेवटचं प्रकरण वादावर आहे. वाद करणारे दोन जातींचे असतात, असं ते सांगतात. एक जिंकू इच्छिणारा आणि दुसरा तत्त्वाचा निर्णय इच्छिणारा. वादाची चार अंगं: वादी, प्रतिवादी, सभ्य आणि सभापती. सभापतीपाशी बुद्धी हवी, अधिकार हवा, क्षमा हवी आणि मध्यस्थपणा हवा. या मापानं पाटणची सभा मोजली तर? सभापतीपाशी अधिकार होता, बुद्धीही होती. पण हरणाऱ्यानं देश सोडायचा अशी अट घातली की तत्त्वाचा निर्णय इच्छिणारा तिथं टिकत नाही, दोघेही जिंकू इच्छिणारेच होतात. आणि ज्यांच्या मोक्षाचा प्रश्न होता त्यांच्यातली एकही चार अंगांत नव्हती. ना वादी, ना प्रतिवादी, ना सभ्य. भगवान महावीरांच्या संघात 14,000 साधू आणि चंदनाजींच्या हाताखाली 36,000 साध्वी होत्या, हा आकडा दोन्ही परंपरांना मान्य आहे. एवढ्या मोठ्या समुदायाविषयी बोलताना त्यातलं कुणी बोललं नाही. अथेन्सच्या लोकसभेतही बायका नव्हत्याच म्हणा.

या सगळ्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या त्या पाटणच्या भांडारांमुळे, आणि त्या भांडारांची दारं जगाला उघडण्यात बडोद्याचा मोठा वाटा आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात चिमणलाल दलालांनी तिथल्या पोथ्या तपासल्या. 1916 साली गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. पाटणच्या पोथ्यांची सूची पंडित लालचंद्र गांधींच्या हातून पुरी होऊन 1937 साली त्याच मालेत निघाली. 1940 साली याच मालेत ‘तत्त्वोपप्लवसिंह’ छापला गेला. संपादक पंडित सुखलालजी आणि रसिकलाल परीख. हा ग्रंथ कुणाचा? जयराशी नावाच्या नास्तिकाचा. कुठलंच प्रमाण टिकत नाही, मग धर्म नाही, मोक्ष नाही, असं म्हणणारा. त्याची ताडपत्राची पोथी कुठल्या नास्तिकाच्या घरी सापडली नाही, ती पाटणच्या जैन भांडारात सापडली. आपल्या सगळ्या श्रद्धेला नाकारणाऱ्याचं पुस्तक आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षं वाळवीपासून जपलं. कुमुदचंद्रांना पाटण सोडावं लागलं, पण जयराशीची पोथी पाटणात राहिली. अनेकांतवाद म्हणजे काय, हे मला त्या पोथीच्या गोष्टीतून सर्वांत सोपं कळतं.

आता आपल्यापुरतं. रोज सकाळी मोबाइलवर किती आवाहनं येतात! धर्म संकटात आहे, अमुक संस्थेला मदत करा, तमक्यांवर बहिष्कार घाला, मुलीला इतकं शिकवू नका, सुनेनं असं वागावं. बहुतेक आवाहनं बायकांसाठीच लिहिलेली असतात, कारण घरातला पैसा, पाहुणा आणि रीत आपल्या हातून जातात. अशा वेळी मीनळदेवीला आलेला निरोप आठवावा. सांगणारा कोण, आणि त्याचा थाट बाजूला ठेवला तर त्याच्या बोलण्यात काय उरतं, हे समंतभद्रांसारखं पाहावं. माझी कुठली दुखरी जागा त्यानं हेरली आहे, हे स्वतःला विचारावं. आणि त्यानं दुसऱ्या बाजूचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलंय की आवळून, वाकवून सांगितलंय, हे शक्य असेल तर त्या बाजूच्याच कुणाला जाऊन विचारावं. शेजारीण दुसऱ्या पंथाची असेल तर फारच सोपं. चहाला बोलवायचं आणि विचारायचं.

भावनेनं निर्णय घेऊ नये असं मी म्हणत नाही. बाहुलोडच्या वाटेवर मीनळदेवी मागे वळली ती भावनेनंच, आणि तिचं बरोबर होतं, कारण तिनं ते गरीब यात्रेकरू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. दरबारातला निरोप मात्र दुसऱ्याच्या तोंडून आलेला होता.